कोकणातल्या खेळाडूंची मधली वर्षे

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकी बेसबॉलपटूंच्या कोट्यवधींच्या करारांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. मात्र त्या करारापर्यंत खेळाडू पोहोचतो कसा, याविषयी त्यांत अवाक्षरही नसते. रत्नागिरी जिल्ह्यात क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला नेमके तेच जाणून घ्यावेसे वाटते, कारण आमच्या कबड्डीपटूंचे घोडेही तिथेच अडते.

बेसबॉलमध्ये धाव पूर्ण करायला खेळाडूला क्रमाने जे टप्पे गाठावे लागतात, ते म्हणजे बेस; त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक म्हणजे शॉर्टस्टॉप. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे बरेचसे जमिनीलगतचे फटके त्याच्याच दिशेने येतात आणि चेंडू उचलून लांबवरच्या पहिल्या बेसकडे क्षणार्धात फेकावा लागतो, त्यामुळे चुकाही त्याच्याच हातून अधिक होतात. न्यूयॉर्क यांकीज संघाने १९९२ मध्ये शाळेतूनच निवडलेल्या डेरेक जीटरने १९९३ च्या हंगामात ग्रीन्सबरोच्या कनिष्ठ संघाकडून, म्हणजे मुख्य संघासाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या दर्जाच्या संघाकडून खेळताना तब्बल ५६ चुका केल्या. आपल्याकडे एवढ्यावर मुलाला राखीव खेळाडूंत बसवले असते आणि गावाने वर्षभर टोमणे मारले असते ते वेगळेच. यांकीजनी त्याची जागा बदलली नाही. हंगाम संपल्यावर ब्रायन बटरफील्ड या प्रशिक्षकाने त्याच्याकडून क्षेत्ररक्षण घोटून घेतले. पुढच्याच वर्षी तो कनिष्ठ स्पर्धांच्या सर्वांत वरच्या, ट्रिपल-ए दर्जापर्यंत चढला, १९९५ मध्ये मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला आणि १९९६ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला.

ही शिडी सोन्याची आहे, असे मुळीच नाही. २०२१ पासून ३० मुख्य संघांशी १२० कनिष्ठ संघ जोडलेले आहेत आणि त्यांतले बहुसंख्य खेळाडू वरपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. त्यांचे वेतनही लाजिरवाणे होते. खेळाडू संघटित झाल्यानंतर, २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात ट्रिपल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेले. वर पोहोचलेल्यालाही ती जागा कायमची मिळत नाही. पाय मंदावले की त्याला बाजूला सरकवले जाते: नामवंत शॉर्टस्टॉपांपैकी अर्नी बँक्स पहिल्या बेसवर गेला आणि सलग २,६३२ सामने खेळणारा कॅल रिपकेन अखेरीस तिसऱ्या बेसवर. जीटर मात्र २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत शॉर्टस्टॉपच राहिला, पण तसे क्वचितच घडते.

आमच्या किनाऱ्यावर कबड्डीच्या गुणवत्तेला तोटा नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे शिखरही दिसू लागले आहे. मात्र कुमार गटाचे वय उलटलेला उजवा कोपरारक्षक बारावीनंतर मुंबईला कामाला लागतो आणि शिमग्याला किंवा गणपतीला गावी आला, तरच मंडळाकडून मैदानात उतरतो. सरकारी नोकरीतील क्रीडा आरक्षणाचा लाभ पदकविजेत्यांना होतो आणि तो व्हायलाही हवा. पण पदकाआधीच्या तीन-चार वर्षांत मुलाने खायचे काय आणि शिकायचे कोणाकडे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील कबड्डी संघटकांना माझी विनंती आहे की, चषक आणि रोख बक्षिसांसाठी दरवर्षी गोळा होणाऱ्या देणग्यांमधून काही रक्कम बाजूला काढून अठरा ते बावीस वयोगटातील निवडक मुलांना मासिक मानधन आणि एक पूर्णवेळ प्रशिक्षक द्यावा, आणि एका हंगामातील अपयशावरून कोणाचेही नाव वगळू नये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
गुहागर, जि. रत्नागिरी