यंत्र आधी कुणाच्या वाट्याला येतं?

पुणे

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. वर्गातल्या मुलांचे निबंध आता यंत्रच लिहून देतं, असंच चाललं तर माणूस म्हणून आपल्यात काय उरणार, ही तुझी भीती मला मुळीच खोटी वाटत नाही. पण 'हिंद स्वराज्य' वाचून तू जो उपाय काढलास, की यंत्राकडेच पाठ फिरवावी, तिथे मी अडले.

गांधीजींनी ते पुस्तक १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर लिहिलं. रेल्वे, डॉक्टर, वकील, सगळ्यांवर फुली मारली. पुढे १९२४ मध्ये त्यांनी सांगितलं की आपला विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे; शिवणयंत्राला तर त्यांनी आनंदाने सूट दिली. त्या वेडामागची हाव त्यांनी अचूक ओळखली होती, हे मी मनापासून मानते. तरी याच प्रश्नावर बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादाची जी चिरफाड केली, ती तू वाचावीस असं मला फार वाटतं. त्यांचं म्हणणं असं: माणूस जनावरापेक्षा वेगळा होतो तो मनाच्या मशागतीने. त्यासाठी फुरसत लागते. आणि दिवसभर हाडं झिजवणाऱ्याला फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. यंत्राने जी दु:खं आणली ती यंत्राची नव्हेत. खाजगी मालकी आणि स्वत:चा नफा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेची आहेत. तेव्हा बदलायची ती रचना.

आपल्याला जात्यावरच्या ओव्या किती आवडतात! पण माझी आजी पहाटे चारला उठून दळायला बसायची, आणि गावात पिठाची गिरणी आली त्या दिवसाबद्दल ती म्हातारपणीही हरखून बोलायची. ओव्या गेल्याची हळहळ मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही.

म्हणून यंत्र आलं की सगळे सुटले, असंही मी म्हणत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचंच बघ. एवढी आधुनिक यंत्रं, पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतून, दोरा काढायला तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. पगार बरा तो नेमका त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकांशी लढणाऱ्या कामगारांनाही तो ऐकवावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. विलायतेहून आलेला माग आपल्याकडे येऊन जात पाळायला लागला, कारण तो चालवणारे हात ती पाळत होते.

आता आजचं. हाताने मैला काढायला लावण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये दुसरा, जास्त कडक कायदा आला. गटारात माणसं अजून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. केरळच्या काही तरुण इंजिनिअरांनी मेनहोलमध्ये उतरून गाळ काढणारं यंत्र बनवलं; २०१८ पासून तिरुवनंतपुरममध्ये ते वापरात आलं, आणि ते चालवायचं शिक्षण त्याच सफाई कामगारांना दिलं गेलं. म्हणजे हे जमतं, शैला! पण त्याच सुमाराला नागपूर आणि चंदीगडमध्ये सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली, कोण कुठे किती वेळ थांबला ते कळावं म्हणून. गटारातलं यंत्र अजून कितीतरी शहरांत पोचलेलं नाही. ज्याचे कष्ट आपण कष्ट म्हणून मोजतच नाही, त्याच्याकडे यंत्र येतं ते आधी पाळत ठेवायला.

तुझ्या वर्गातल्या प्रश्नाकडे मी याच वाटेने येते. निबंध लिहून देणारं यंत्र वेळ वाचवतं हे खरं, पण वाचलेला वेळ जातो कुणाकडे? आमच्या सोसायटीत सामान आणून देणाऱ्या मुलाला फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवतो. त्याने वाचलेल्या दहा मिनिटांत त्याला लगेच पुढची ऑर्डर मिळते. तो सावलीत बसलेला मला कधी दिसत नाही. या यंत्रांचे नियम ठरवताना त्याला, त्याच्या संघटनेला बोलायची जागा मिळाली पाहिजे. माणसाच्या भवितव्याची चर्चा परिषदांमधून होते, तिथे तो मुलगा नसतो आणि गटारात उतरणाराही नसतो.

तुझ्या नववीच्या मुलांना एक काम देशील का? घरात सगळ्यात जास्त राबतं कोण, आणि त्या माणसाचं कोणतं काम यंत्राने करावं असं त्याला स्वत:ला वाटतं, हे विचारून लिहून आणू देत. ते यंत्राला लिहून देता येणार नाही, घरी जाऊन विचारावंच लागेल. उत्तरं आली की मला पाठव, आणि माझं कुठे चुकतंय असं वाटलं तर सरळ भांड.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझी,
मीना