ते अठ्ठावन्न तुझे नव्हेत

सोलापूर

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत सायकलवर तुळजापूरचा घाट उतरताना ताशी ५८ किलोमीटरचा वेग गाठलास, तो आकडा ग्रुपवर टाकलास आणि तासाभरात काकापासून शेजारच्या पिंट्यापर्यंत सगळ्यांचे अंगठे पडले. पिंट्या तर खाली रस्त्यात मित्राला सांगत होता, "ताईनं अठ्ठावन्न मारलं बे!" मी अंगठा टाकला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर बोलायला गेलो तर "हो अप्पा, हो अप्पा" करून तू विषय मिटवतेस. आता पुण्यात परत जाऊन बोपदेव घाटाचं बोलायला लागलीस, म्हणून सविस्तर लिहितोय. आई ग्रुप वाचत नाही. तिला मी ३० सांगितलंय, ते मला निभावू दे.

आधी हिशेब. ते ५८ तुझे नव्हेत, घाटाचे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना यानं स्वित्झर्लंडच्या ग्रेंचेनमध्ये, बंदिस्त ट्रॅकवर, एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापून विक्रम केला. म्हणजे तुझा आकडा त्याच्याहून मोठा! मग टाळ्या त्याला का? कारण त्याच्या ट्रॅकला उतार नव्हता. प्रत्येक मीटर त्यानं पायानं विकत घेतला, मिनिटाला पायडलचे साधारण ९५ ते १०० फेरे मारत, तासभर. उतारावर पोतं सोडलं तरी ते वेग घेतं.

मला कौतुक वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जाताना हिप्परग्याच्या तळ्यापासून तामलवाडीपर्यंत तोंडावर वारं होतं आणि तू २८ धरून ठेवलेस. ते तू कुणाला सांगितलंही नाहीस. सपाटीवर एकदा तिशीच्या आसपास गेलं की बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी ताकद घनानं. २० चे ४० करायचे तर हवेपुरती आठपट ताकद. म्हणून वाऱ्यातले २८ मोठे.

पण ते २८ तू ज्या रीतीनं काढलेस ती रीत मला पटली नाही. गिअर जड ठेवून, एकेक पायडल रेटत जातेस. मी मागून स्कूटरवर येत होतो तेव्हा तुझा उजवा गुडघा मोजला, मिनिटाला साठाच्या आतबाहेर भरला. तेवढाच वेग ठेवून फेरे वाढवले, तर प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. काम तेवढंच राहतं, पण भार मांड्यांवरून निघून दमावर येतो. दम पाच मिनिटांत भरून येतो. मांडी एकदा भरून आली की त्या दिवसापुरती गेली, आणि गुडघ्याचं दुखणं तर पाहुण्यासारखं येतं नि घरजावयासारखं राहतं. मुरलेले लोक सपाटीवर ८० ते १०० मध्ये फिरवतात. तू एकदम ९० च्या मागे लागू नकोस, आधी ७५ वर ये, मग ८०, ८५.

फेरे मोजायला मीटर विकत घ्यायची गरज नाही. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोज आणि चारनं गुण. २२-२३ आले की नव्वदच्या घरात आलीस. एक गिअर हलका कर आणि पाय वाढव. बुड सीटवर उडायला लागलं की समजायचं, आजची हद्द इथे संपली. त्याच्या थोडं खाली राहायचं. महिनाभर केलंस की हद्द आपोआप वर सरकते.

आता उतार. तुझ्या सायकलीला पुढे मोठं चक्र ५० दात्यांचं आणि मागे सगळ्यात छोटं ११ चं आहे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते. ९० फेऱ्यांना ताशी ५१. म्हणजे ५८ ला नुसती चेन ताणून ठेवायलाच मिनिटाला शंभर फेरे हवेत, आणि त्याच्या पुढे पाय भरकन फिरतात, चाकाला काहीच मिळत नाही. उलट बुड उडतं आणि बुडाबरोबर हँडल हलतं. तिथे पायाचं काम संपलेलं असतं. रस्ता सरळ असेल तर दोन्ही पायडल एका रेषेत आडवी ठेव, बुड सीटवरून किंचित उचल, कोपर सैल सोड. खड्डा आला तर तो गुडघ्याकोपरांत जिरू दे. चढ संपला की उतार लागायच्या आधीच चेन मोठ्या चक्रावर घे. छोट्यावर राहिली तर सैल चेन आदळत राहते, कधी उतरतेही.

आकडा तू चालत्या सायकलवर वाचलास, असं तूच म्हणालीस. ५८ ला सायकल सेकंदाला १६ मीटर जाते. मीटरकडे एक सेकंद बघितलंस तर तेवढा रस्ता तू डोळे मिटून गेलीस. पुढचा हिशेब मी कागदावर केला: कोरड्या सपाट रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट लागले आणि दचकण्यात एकच सेकंद गेला, तरी ५८ वरून थांबायला ४० मीटरच्या वर लागतात. २९ वरून १५ पुरतात. उतारावर दोन्ही आकडे वाढतात, ओल्या रिमवर तर विचारूच नकोस. घाटात वळणाच्या पलीकडचं ४० मीटर दिसतं का, एवढंच स्वतःला विचारायचं. दिसत नसेल तर तो वेग त्या वळणाचा नाही.

ब्रेक वळणात लावायचा नसतो, वळणाच्या आधी लावायचा. सरळ असतानाच वेग पाडायचा आणि वळताना सोडायचा. पुढच्या ब्रेकला भिऊ नकोस, थांबवतो मुख्यतः तोच. मात्र त्यावर एकदम झडप घालायची नाही. बोटांनी दाब वाढवत न्यायचा आणि अंग मागे सारायचं. वळताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि सगळं वजन त्याच्यावर. आतलं खाली राहिलं तर रस्त्याला घासतं. आणि नजर जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलं की सायकल खड्ड्यातच जाते, हे स्कूटरवर तुला मीच शिकवलंय. सगळा घाट ब्रेक धरून उतरलीस तर रिम तापते, ट्यूबही फुटू शकते. धरायचं, सोडायचं, धरायचं.

घाटात मधेच हँडल थरथरलं आणि तू घाबरलीस, ते ग्रुपवर नाही पण मला सांगितलंस, बरं केलंस. आमच्या कारखान्यात टॉवेलचे माग लावायला चाळीस वर्षांपूर्वी लागलो तेव्हापासून बघतोय: प्रत्येक यंत्राची एक गती असते, तिथे आलं की ते कापायला लागतं. त्याच्या खाली शांत, वरही शांत. सायकलच्या फ्रेमचंही तसंच. तेव्हा माणूस हँडल घट्ट आवळतो आणि आवळल्यानं थरथर वाढते. पकड सैल कर, दोन्ही गुडघे आडव्या दांड्याला चिकटवून दाब, बुड सीटवरून हलकं उचल आणि ब्रेक हळूहळू लाव. दांड्याला गुडघा लागला की कंप मरतो. घरी आलीस की मला हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासू दे, पुढचं चाकही. तिथे थोडा ढिलेपणा असणार, अशी मला शंका आहे.

दांड्यावर बसून, छाती हँडलवर टेकवून उतरायची ती स्टाइल तू व्हिडिओत बघितली असशील. ती व्यावसायिक शर्यतींतही २०२१ च्या एप्रिलपासून बंद केली आहे, आंतरराष्ट्रीय संघटनेनंच. ज्यांचा रस्ता पोलीस मोकळा करून देतात, त्यांना नको झालेलं आपल्याला कशाला?

आपल्या रस्त्यावर तर गळीत सुरू झालंय. उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालल्यात, मागे दिवा नाही, आणि वळणावर चार टिपरी हमखास पडलेली. टिपरावर पातळ टायर गेला की घसरलाच. ट्रकच्या मागे वारं तुटतं म्हणून त्याला चिकटायचं नाही. अमेरिकेत डेनिस म्युलर-कोरेनेक नावाच्या बाईनं २०१८ मध्ये बॉनेव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर सायकलीवर ताशी सुमारे २९६ किलोमीटर गाठले, ते पुढच्या गाडीच्या आडोशानं. पण ती गाडी खास त्यासाठी तयार केलेली, चालवणारी तिच्यासाठीच चालवणारी, आणि मोकळ्या मैदानात तिच्यासमोर ना कुत्रं ना रंबलर. आपल्या ट्रकवाल्याला तू मागे आहेस हेच ठाऊक नसतं. तो कुत्र्यासाठी ब्रेक दाबणार आणि तू त्याच्या फळीवर. ट्रक शेजारून जाताना वारं आधी ढकलतं, मग आत ओढतं, हेही लक्षात ठेव. तेवढा वेळ हात सैल, नजर पुढे.

पुढच्या वर्षी कोजागिरीला येणार असशील तर त्या रात्री सायकल घरीच. अख्खं सोलापूर चालत तुळजापूरला निघालेलं असतं. तुला यायचंच असेल तर चालत ये, आई तर जाणारच आहे.

बोपदेवला जायच्या आधी एवढं बघ. पुढच्या ब्रेकचे रबर काढ. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण रुतलेले दिसतील, चमकतात. ते सुईनं उकरून काढ आणि वर पॉलिश पेपर फिरव. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर नवे घे, पैसे मी पाठवतो. दोन टायरांत जो चांगला तो पुढे लाव. पुढचा फुटला तर सांभाळायला वेळच मिळत नाही. बाभळीचा काटा शिरला आहे का, बोट फिरवून बघ. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं मावतील एवढाच सैल.

आणि पहिल्यांदा घाट चढून वर जा, उतरताना सगळ्यात मागे राहा. पुढच्यांच्या सायकली कुठे हलतात ते बघत ये. मागच्या टायरची रुंदी २५ मिलिमीटर आहे की २८, ती टायरवर बाजूला छापलेली असते, तेवढी लगेच कळव. रविवारी मी दुकानाकडे जाणार आहे.

तुझे,
अप्पा