काकूंसाठी अकराशे

मंगळवेढा
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुन्या,

तुझा परवाचा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दुकानात तीन गिऱ्हाइकांदेखत ऐकला. "आईला तो मोठा फोन झेपत नाही, साधा बटणांचा बघ" एवढं सांगायला तुला साडेसहा मिनिटं लागली. त्यातली चार तर वाकडच्या ट्रॅफिकवर गेली. म्हणून म्हटलं, आपण पत्रच लिहावं. मध्ये तोंड घालायला तुला जागा नाही.

फोन बघितलाय. नवा नाही. नोकिया अकराशे. हसू नको, पुढं वाच.

मागच्या आठवड्यात दुकानाचा माळा झाडायला काढला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुने चार्जर, फुटक्या बॉड्या आणि खाली तीन अकराशे निघाले. त्यातला एक आमच्या आण्णांचा. मागच्या झाकणावर आईनं नेलपॉलिशनं 'आ' काढलेला, तोच. तेव्हा गावात सगळ्यांचेच फोन सारखे. लग्नात मांडवाच्या बोर्डावर पाचपाच सेट चार्जिंगला लागायचे आणि जेवून आलेला माणूस दुसऱ्याचाच खिशात घालून जायचा. तुझ्या मामांनी एकदा असाच आण्णांचा नेला होता आणि दोन दिवस आमच्या डेअरीवाल्याशी बोलत होते.

तो सेट उघडला. बॅटरी फुगून पुरी झाली होती, ती आधी बाजूला टाकली. मग टी-६ चा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॉडी खोलली. मला वाटलं, आत काळ्या मातीचा थर असणार. आण्णांनी हा फोन मळणीच्या मशीनजवळ वापरलाय, ज्वारीचं भुसकट उडत असताना बंडीच्या खिशातून काढून कानाला लावलाय. पण आत पाटी कोरी! बोर्ड असा चकचकीत की मीच दोनदा बघितला. कारण सोपं आहे. या फोनची बटणं सुटी नाहीत. अख्खा कीपॅड रबराचा एकच तुकडा आहे, पुढच्या झाकणाला आतून घट्ट बसलेला. धूळ आत जायला फटच ठेवलेली नाही. मी रोज आजचे कीपॅड फोन उघडतो, बटणांच्या फटीतून शिरलेली माती ब्रशनं काढतो आणि गिऱ्हाइकाकडून पन्नास रुपये घेतो. अकराशेनं मला धुळीपायी कधी पन्नास रुपये मिळवून दिले नाहीत.

नवी बॅटरी घातली. बीएल-५सी आजही कुठंही मिळते; टपरीवरच्या एफएम रेडिओत आणि भजनं वाजवणाऱ्या त्या छोट्या स्पीकरांत तीच असते. बटण दाबलं, तर दोन हात पडद्यावर आले आणि एकमेकांत गुंफले. खरं सांगतो, पोरगं शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं.

आता तू कंपनीतला माणूस, तुला आकडे लागतात. घे. वजन ८६ ग्रॅम. पडदा काळापांढरा, ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, चार ओळी मावतात. बॅटरी ८५० एमएएच. तुझ्या खिशातला फोन ५००० चा असेल आणि संध्याकाळी तू चार्जर शोधत फिरत असशील. याची कंपनी सांगायची ४०० तास, म्हणजे नुसता ठेवला तर सोळा दिवस. तेवढे दिवस मी कुणाचा चाललेला बघितला नाही, पण आण्णा रविवारी बाजारच्या दिवशी चार्ज करायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत विचारायचे नाहीत. रिंगटोन ३६, सात आपण बसवायच्या. खेळ दोन, स्नेक टू आणि स्पेस इम्पॅक्ट. कॅमेरा नाही, रेडिओ नाही, ब्लूटूथ नाही, इंटरनेट नाही. २००३ साली हा आला तेव्हासुद्धा यापेक्षा भारी फोन बाजारात होते, म्हणजे जमत नव्हतं म्हणून वगळलं असं नव्हे. काय ठेवायचं नाही हे कुणीतरी बसून ठरवलं होतं.

आणि ठेवलं काय? बॅटरी. म्हणजे टॉर्च. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात, त्यामुळे आण्णा दुकानात जाऊन "बॅटरीची बॅटरी गेली" म्हणाले की नवं पोरगं गोंधळायचं. फोनच्या डोक्यावर एक छोटा दिवा. 'सी'चं बटण दाबून धरलं की पेटणार, सोडलं की विझणार, दोनदा दाबलं की पेटलेलाच राहणार. मेनूत जायचं नाही, पडद्याकडे बघायचंही नाही. अंधारात अंगठ्याला सापडतं.

तुला ते दिवस आठवतात का? २००५-०६ चं लोडशेडिंग. दिवसा लाइट नाही आणि शेतीची लाइट यायची ती मध्यरात्री. आण्णा अकराला गजर लावून झोपायचे. बॅटरी वाचवायला फोन बंद करून ठेवायचे, तरी गजराच्या वेळी तो आपोआप चालू होऊन वाजायचा. मग बांधावरून विहिरीपर्यंत जायचं, मोटर चालू करायची, पाणी कुठल्या सरीला लागलंय ते बघायचं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अकराशे. पायाखाली विंचूकाटा. आण्णांनी या फोनवर बोलण्यापेक्षा चालण्याचं कामच जास्त केलं असेल. मला कुणी विचारलं की कालवड विकून घेतलेल्या फोनचा काय उपयोग झाला, तर मी तो बांध दाखवीन.

जाहिरातीत 'मेड फॉर इंडिया' म्हणायचे. सुरुवातीला मला ती शेंडी लावणं वाटायची. एक तर नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना सुरू झाला २००६ ला, त्याआधीचे सेट बाहेरूनच यायचे. शिवाय याचं रूप काढलं कॅलिफोर्नियात, तेही मूळ बल्गेरियाच्या एका डिझायनरनं. त्यानं मंगळवेढ्याची काळी माती कुठं बघितलेली? पण हा फोन जगात २५ कोटींच्या वर खपला, आणि नोकियाचा शंभर कोटीवा फोन २००५ मध्ये विकला गेला नायजेरियात, तोसुद्धा अकराशेच. म्हणजे धूळ, अंधार आणि घामेजलेला हात हे काही आपल्या एकट्याच्या मालकीचं नाही. कडांना ते खरबरीत रबर दिलंय ना, ते घामानं ओल्या हातातून सटकू नये म्हणून.

आता काकूंचं. फोन घ्यायला आणि ठेवायला याला हिरवं-तांबडं बटण नाही. पडद्याखाली एकच मोठं बटण आहे, त्याच्या वर जे लिहिलेलं असतं ते काम ते करतं. रिंग वाजली की तेच दाबायचं, बोलून झालं की तेच दाबायचं. इंग्रजी वाचता आलं पाहिजे असं नाही. नको असलेला फोन 'सी'नं कापायचा. स्पीड डायल मी चालू करून ठेवतो: २ दाबून धरलं की तू, ३ ला वैशाली, ४ ला मी. १ ला काही ठेवता येत नाही, ते व्हॉइस मेलचं. कुलूप लावायचं तर मोठं बटण आणि मग ताऱ्याचं (*) बटण. हे त्यांना येतं. अरे, आपल्याला त्यांनीच शिकवलं होतं. तुम्ही चुलते-मालते सगळे मिळून एक फोन वापरत होता, तेव्हा पोरांनी खेळ खेळू नये म्हणून काकू तो पाठमोऱ्या होऊन लॉक करायच्या. तुझा साप तरी ऐंशीच्या पुढं कधी गेला नाही म्हणा.

दोष पण सांगतो, नंतर बोंब नको.

पहिला, सिमचा. काकूंचं कार्ड जिओचं असेल तर हा चालणार नाही, कारण जिओकडे टूजी, म्हणजे ते जुनं नेटवर्क, नाहीच. हा फोन टूजीवर, ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालतो. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घ्यावं लागेल. आणि आजचं नखाएवढं सिम याच्या खाचेत पुरत नाही, अडॅप्टर लागतो. मी बसवून देतो. फक्त कुणी हौशी भाच्यानं सिम काढून नुसता रिकामा अडॅप्टर आत सरकवला, तर सिमच्या पिना त्यात अडकून उपटतात, मग माझ्याकडेही इलाज नाही.

दुसरा, मेसेजचा. यात ५० मेसेज मावतात, बास. तेव्हा पन्नास म्हणजे पुष्कळ होते. आपण मोजून लिहायचो. १६० अक्षरांत एक मेसेज, १६१ वं अक्षर आलं की दुसऱ्याचे पैसे. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. 'काय' म्हणजे ५ दोनदा, २ एकदा, ९ तीनदा. 'आई' लिहायला २ दाबून क्षणभर थांबायचं, परत २, मग ४ तीनदा; थांबलं नाही तर एएच्या जागी बी उमटायचा. आता बँक, विमा, रिचार्ज आणि कर्ज घ्या म्हणणारे मिळून आठवड्यात पन्नास भरतात. मग कोपऱ्यातला लखोटा लुकलुकायला लागतो, आणि एक पुसल्याशिवाय नवा येत नाही. त्यात एखादा कामाचा ओटीपी अडकायचा. तेव्हा दर रविवारी कुणीतरी बसून सफाई केली पाहिजे. वैशालीला सांग, किंवा मी करतो.

तिसरा तुला माहितीय. नातवंडं दिसणार नाहीत. याला माझ्याकडे उत्तर नाही. तो मोठा फोन परत घेऊ नको, देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला राहू दे, व्हिडिओ कॉलपुरता. रोजचा हा.

तू म्हणशील, नवाच कीपॅडवाला का नको. मी आमच्या आईला घेऊन दिला होता, कंपनीचं नाव घेत नाही. चार महिन्यांत आकडे पुसले. मधल्या बटणाला इंटरनेट लावून ठेवलेलं, पदरात दाबलं जायचं आणि रिचार्ज उडायचा. महिनाभर आम्ही घरातल्या पोरांवर संशय घेतला.

एक गंमत. २००९ साली बातमी आली होती की युरोपात चोरटी मंडळी एका जुन्या अकराशेला २५,००० युरोपर्यंत मोजायला तयार आहेत. सगळ्या नाही, जर्मनीत बोखुमच्या कारखान्यात बनलेल्याच. त्यात काही फेरफार केला की म्हणे दुसऱ्याच्या बँकेचे कोड आपल्याकडे येतात. तेव्हा बाजारात अर्ध्या लोकांनी बॅटरी काढून मागचं लेबल वाचलं. मी पण वाचलं. या वेळी परत वाचलं. आपला बोखुमचा नाही.

आता मुख्य गोष्ट, जी सांगू का नको असं तीन दिवस चाललंय. फोन चालू झाल्यावर मी इनबॉक्स उघडला. आण्णा स्वतः मेसेज पुसायचे नाहीत. लखोटा लुकलुकला की माझ्याकडे आणून द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे. मी एकेक वाचून दाखवायचो, ते "पूस" किंवा "ऱ्हाऊ दे" म्हणायचे. दूध संघाच्या बिलाचे दोन राहिलेत. माझ्या निकालाचा राहिलाय. आणि एक तुझा, जून २००६ चा. "आण्णा पुण्याला पोचलो. मुलाखत बरी झाली. ३०० रु सोमवारी नक्की देतो. आईला सांगू नका."

मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे तो मेसेज मीच वाचून दाखवला असणार, पण आठवत नाही. एवढं खरं की "ऱ्हाऊ दे" म्हणाले असतील, म्हणून तो राहिला.

बुधवारी दुकान लवकर बंद करून गावात जातो आणि फोन काकूंच्या हातात देतो. आण्णांचा नव्हे, दुसरा; तोही तितकाच ठणठणीत आहे. मेसेजची टोन जुनीच ठेवलीय, टि-टि-टि, टाss-टाss, टि-टि-टि. ते मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्ट लिपीत, एसएमएस असं आहे, हे मला दुकान टाकल्यावर कळलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुला एक रिंग येईल आणि कट होईल. मिटिंगमध्ये असलास तरी लगेच उलट लाव. काकू फोन हातात घेऊन बसलेल्या असतील.

तुझा,
रम्या

ता.क. वीस वर्षांचं व्याज मी धरलेलं नाही. पण बीएल-५सी, अडॅप्टर आणि पेट्रोल मिळून योगायोगानं ३०० च होतात.