ताई, भावंडांची ताटातूट टळली ती तुमच्यामुळे

आदरणीय समाजसेविका ताई,
स. न. वि. वि.

आमची मुलगी गेली आणि चार महिन्यांतच जावई दोन्ही लेकरांना शेजाऱ्यांकडे सोडून निघून गेला. कुणीतरी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन केला आणि आमची नातवंडे मानखुर्दला, अशा मुलांनी कुठे राहायचे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे उभी राहिली. नात नऊ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. मुलांची आणि मुलींची बालगृहे सहसा वेगळी असतात, हे मला तेथील बाकावर बसल्यावर कळले आणि आता ही भावंडेही एकमेकांना दुरावणार, या विचाराने माझे हातपाय गळाले.

मुले आमच्या घरी नीट राहू शकतील का, याच्या गृहचौकशीसाठी तुम्ही लालबागला आमच्या चाळीत आलात. एकशे ऐंशी चौरस फुटांची खोली, माझे वय अडुसष्ट, पत्नीला मधुमेह, हे सारे तुम्हाला दिसलेच. तरीही तुम्ही दोन तास बसलात, मुलांना शाळेत कोण सोडणार, माझे काही बरेवाईट झाले तर कोण पाहणार, हे विचारलेत, शेजारच्या वहिनींशी आणि माझ्या पुतण्याशी बोललात आणि निघताना हिला म्हणालात, "आजी, तुम्हाला रात्री झोप लागते का?" मुलगी गेल्यापासून तिला हे कुणीच विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

मुलाला संस्थेत ठेवणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार शेवटचा उपाय आहे, हे तुम्हीच मला समजावलेत आणि तुमच्या अहवालानंतर समितीने दोघांनाही आमच्या ताब्यात दिले.

खरी दमछाक त्यानंतर झाली. आजी-आजोबाच आहेत, सांभाळतील, असे जो तो म्हणत होता. सांभाळायला काय लागते, हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच. अशा मुलांना घरीच सांभाळण्यासाठी सरकारी मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेच्या अर्जासाठी एका कार्यालयाने बापाची सही नाही म्हणून मला तीनदा परत पाठवले. तेव्हा समितीच्या आदेशाची प्रत कुठे जोडायची, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचे पासबुक कोणत्या क्रमाने लावायचे, हे तुम्ही कागदावर लिहून दिलेत आणि चौथ्या खेपेला स्वतः सोबत आलात. आज प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मंजूर आहेत. तुटपुंज्या पेन्शनवर चालणाऱ्या घरात त्यातून नातवाचे दूध आणि नातीची शिकवणी भागते.

नातू रात्री अंथरूण ओले करायचा आणि मी रागवायचो. त्याला बोलू नका, समुपदेशकांकडे न्या, असे तुम्ही मला थोडे कठोरपणेच सांगितलेत. ते बरे केलेत. आता तो आईचे नाव घेऊन रडतो, हे मला चांगले लक्षण वाटते. आधी तो रडतच नसे.

पुढच्या पाहणीला याल तेव्हा नोंदी झाल्यावर लगेच निघू नका. ही पुरणपोळी करणार आहे आणि नातीला तुम्हाला तिची वही दाखवायची आहे. जेवूनच जावे, ही विनंती.

आपला ऋणी,
दोघांचा आजोबा
लालबाग, मुंबई