संध्याकाळचा एक वर्ग द्या: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

4 मे 2025, रविवार. दुपारी एकच्या सुमारास मी ठाण्यातल्या एका शाळेच्या फाटकाशी नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, रांगेत उभी होते. रखवालदार मला म्हणाला, "मॅडम, पालकांनी तिकडे झाडाखाली थांबायचंय." मी प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि आतल्या माणसाला हाक मारली. दीड वाजता फाटक बंद होतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मागे उभी असलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही देताय? मग माझ्याआधी जा." त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, पण त्या दिवशी वर्गात बसल्यावर पहिली पाच मिनिटं तिचाच आवाज कानात होता.

माझं वय 34. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात बारा वर्षांपासून डायलिसिस तंत्रज्ञ आहे. राहते दिघ्याला. मला डॉक्टर व्हायचं आहे, आणि बारावीला मला कमी गुण होते. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी तीन वर्षांत अनेकदा पाहिलंय. म्हणून आपल्याला सगळं नीट लिहून कळवावं असं ठरवलं.

आधी गुणांचं सांगते. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमाच्या महापालिकेच्या शाळेत शिकले. गती, त्वरण, संवेग हे मला चांगलं समजत होतं. अकरावी विज्ञानाला गेले आणि पहिल्याच तासाला सर 'वेलॉसिटी', 'ॲक्सिलरेशन', 'मोमेंटम' म्हणायला लागले. हे आपलेच जुने शब्द आहेत हे कळायला मला दिवाळी उजाडली, आणि तोवर वर्ग पुढे निघून गेला होता. बारावीच्या वर्षी बाबांची बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडली. आई डबे करायला लागली आणि डबे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. 2009 च्या निकालात भौतिकशास्त्र 41, रसायनशास्त्र 52, जीवशास्त्र 68. तीनशेपैकी 161. त्या कागदावर डब्यांचा उल्लेख नाही, आणि असावा असंही मी म्हणत नाही. पण अठराव्या वर्षी मला किती वेळ मिळाला होता, एवढंच तो कागद सांगतो.

पुढे दोन वर्षं पॅकिंगचं काम केलं, मग डायलिसिसची पदविका केली आणि नोकरीला लागले. वैद्यकीयचा विचार तेव्हाच सोडून दिला होता, कारण मधल्या काळात नीटला खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय 25 ठरलं. त्यावर न्यायालयात बरंच चाललं, आणि मार्च 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती अट काढून टाकली. ती बातमी मी दुपारच्या पाळीत, रुग्णाचं मशीन लावून झाल्यावर मोबाइलवर वाचली. घरी जाताना ठाणे स्टेशनवरून अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक घेतलं.

डॉक्टरच का, असं सगळे विचारतात. माझ्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवार येणारे एक काका आहेत. एका सोमवारी ते आले तेच पाय ओढत, हातापायांत जीव नाही म्हणत. रविवारी लग्नाला गेले होते आणि उन्हामुळे दोन शहाळी प्यायले होते. मूत्रपिंड बंद असलेल्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमचा पेलाच. मॉनिटर लावला तर हृदयाच्या आलेखातल्या टी लाटा तंबूसारख्या टोकदार झालेल्या. मी डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेट सांगितलं, मी सिस्टरला ते काढून दिलं आणि मशीन सुरू केलं. काका वाचले. मला लाट ओळखता आली, औषधाचं नावही ठाऊक होतं. पण पोटॅशियम वाढलंय आणि आपण कॅल्शियम का देतोय, हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मी "काय करायचं" ते शिकले, "का" ते मला कुणी शिकवलं नाही. मग नीटच्या अभ्यासात चेतापेशीच्या पटलावरचे सोडियम-पोटॅशियम वाचताना रात्री साडेअकराला त्या 'का'चं अर्धं उत्तर सापडलं. उरलेलं अर्धं मला हवंय. कुठे मिळतं तेही मला माहीत आहे.

आता निकालांचं. 2023 ला 168, 2024 ला 334, 2025 ला 297. यंदाचे गुण खाली आले असले तरी पेपर इतका अवघड होता की माझा क्रमांक वर सरकला. तिन्ही वर्षी मी पात्र ठरले. सरकारी जागेपासून मात्र अजून खूप दूर आहे. खासगी महाविद्यालयाचा विषयच नाही. आमच्या परिसरातल्या अभिमत विद्यापीठांचं एका वर्षाचं शुल्क माझ्या आठ-दहा वर्षांच्या पगाराएवढं आहे.

मी कुठे कमी पडते ते मला स्पष्ट दिसतं. जीवशास्त्रात मी बहुतेक मुलांच्या बरोबरीने असते. भौतिकशास्त्रात बुडते. रक्त गाळणाऱ्या डायलायझरच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मी रोज मशीनवर वाचते आणि रुग्णाकडे बघून बदलते. पण तोच दाब कागदावर गणितात आला की हात थांबतो, कारण नववी-दहावीनंतरची गणिताची पायरीच माझ्याकडे कच्ची आहे. आणि आता 180 प्रश्नांना 180 मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट. पायरी कच्ची असणाऱ्याला हे मिनिट पुरत नाही.

ती पायरी बांधायला मी गेले होते. ठाण्यातल्या एका नामांकित क्लासमध्ये समुपदेशक बाईंनी बारावीची गुणपत्रिका मागितली आणि म्हणाल्या, "रिपीटर बॅचला आम्ही ऐंशी टक्क्यांच्या खाली घेत नाही." घरापासून जवळच्या एका अभ्यासिकेत कॉलेजचं ओळखपत्र मागितलं. माझ्याकडे रुग्णालयाचं होतं, ते चाललं नाही. शेवटी एका छोट्या क्लासने घेतलं, पण तो रोज संध्याकाळी सहा ते नऊ. माझी पाळी एक आठवडा सकाळी सात ते तीन, पुढचा आठवडा दुपारी एक ते नऊ. म्हणजे प्रत्येक धडा मला अर्धाच मिळाला. उरलेला दिघा ते वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचला. आपल्या रुग्णालयांत पाळीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, शिकायची इच्छा कुठे मरते तर ती या पाळीच्या कागदावर मरते.

मंत्री महोदय, मला गुणांत सूट नको. राखीव जागाही मागत नाही. कटऑफ खाली आणा असं तर मुळीच म्हणत नाही. ज्या माणसाच्या हाताखाली रुग्ण झोपणार, त्याला विषय पूर्ण यायलाच हवा, हे बारा वर्षं सुया टोचणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. मी एक वर्ग मागतेय.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी, एक-दीड वर्षाचा नीट पूर्वतयारीचा वर्ग सुरू करा. ठाणे जिल्ह्यातून सुरुवात करता येईल. अंबरनाथचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 ला 100 जागांनी सुरू झालं, रेल्वेने ते ठाणे, कळवा, कल्याण सगळ्यांच्या आवाक्यात आहे. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं आहे, तिथे आपल्याला पालिकेशी बोलावं लागेल. व्याख्यानाच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. शिकवायला डॉक्टर लागणार नाहीत, कनिष्ठ महाविद्यालयांतले भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे चांगले शिक्षक तासिकेवर मिळतात. फक्त एक गोष्ट पाळा: एकच धडा सकाळीही घ्या आणि संध्याकाळीही घ्या, म्हणजे पाळी बदलली तरी धडा बुडणार नाही. भौतिकशास्त्र नववीच्या गणितापासून सुरू करा. आणि शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहा, त्वरण आणि ॲक्सिलरेशन शेजारी शेजारी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण बाजारातली जवळजवळ सगळी तयारीची पुस्तकं इंग्रजीत आहेत. माझ्यासारखी मुलगी सोळाव्या वर्षी जिथे अडखळली, तिथेच चौतिसाव्या वर्षीही अडखळते.

प्रवेश देताना बारावीची टक्केवारी बघू नका. तीन वर्षं रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेली परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, बारावी विज्ञान झालेली आशाताई, यांना घ्या. सहा महिन्यांनी कडक परीक्षा घ्या. ज्यांना जमणार नाही त्यांना तेव्हाच प्रेमाने सांगा, म्हणजे कुणाची चार-पाच वर्षं आशेवर जाणार नाहीत. माझ्या बाबतीत तेच सांगायची वेळ आली तर मीही ऐकून घेईन. आजवर मला ते कुणी तपासूनच सांगितलेलं नाही. सगळ्यांनी वय आणि गुणपत्रिका बघूनच सांगितलं.

शासनाला हे नवीन नाही. इतर मागासवर्गीयांसाठीची शासनाची महाज्योती संस्था नीटचं मोफत प्रशिक्षण देते, टॅब देते, आमच्या शेजारच्या मुलाला त्याचा खूप उपयोग झाला. पण ती योजना दहावी होऊन अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलामुलींसाठी आहे. वयाने पुढे गेलेल्यांसाठी कुठेच काही नाही, कारण 2022 पर्यंत या परीक्षेच्या नियमात अशी माणसं धरलेलीच नव्हती. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं, आणि पदवीला गुण कमी पडलेल्यांसाठी किंवा दुसऱ्याच शाखेतून आलेल्यांसाठी तिथल्या विद्यापीठांत पोस्ट-बॅकलॉरिएट नावाचे वर्ग असतात, त्यातले कितीतरी नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी भरतात. तिथेही प्रवेश सोपा नाही आणि खर्च तर अफाट आहे. पण जुन्या गुणांनंतर माणसाने काय केलं, ते दाखवायला एक जागा आहे. आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी 1883 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं, त्यात त्यांनी प्रवेशाच्या सगळ्या अटी आपल्याकडून पूर्ण होत नसल्या तरी आपला विचार व्हावा अशी विनंती केली होती. महाविद्यालयाने त्यांना घेतलं. 1886 ला त्या एम.डी. झाल्या.

"एवढ्या कमी जागा, त्यात पस्तिशीच्या माणसावर सरकारने खर्च का करायचा?" हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या भावाने विचारला. साडेपाच वर्षांनी, इंटर्नशिप धरून, मी चाळिशीत डॉक्टर होईन. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला आज एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. माझ्याकडून पाच वर्षांची लिहून घ्या, मुरबाड-शहापूरला पाठवा, मी जाईन. माझं घर, माझी माणसं इथेच आहेत, मला दुसरीकडे कुठे जायचं नाही.

दोन गोष्टी थोडक्यात. माझी एक मैत्रीण बी.एस्सी. नर्सिंग झालेली, अनुसूचित जातीची, माझ्याहून हुशार. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांनुसार एक व्यावसायिक शिक्षण पूर्ण केलेल्याला दुसऱ्या व्यावसायिक शिक्षणासाठी ती मिळत नाही. म्हणजे नर्स झाली हाच तिचा दोष ठरतो. नियम केंद्राचा आहे, पण परिचारिकांपुरती राज्याची वेगळी मदत आपण देऊ शकता. दुसरं, राज्य सेवेतल्या भरतीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. प्रवेशाची वयोमर्यादा गेली, पण उशिरा शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला सरकारी दवाखान्याचं दार वयामुळेच बंद होणार असेल, तर आम्ही ती सेवा करायची कशी? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मंत्र्यांशी आपण एकदा यावर बोलावं.

पुढच्या मे महिन्यात मी चौथ्यांदा बसतेय. वर्ग सुरू झाला तरी कदाचित माझ्या उपयोगी वेळेत येणार नाही. आमच्या युनिटमध्ये पंचविशीचा एक तंत्रज्ञ मुलगा आहे. परवा त्याने माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून विचारलं, "ताई, मलापण जमेल का हो?" बारावीला त्याला 49 टक्के आहेत. त्याला काय सांगू, ते आपण कळवा.

पुढच्या आठवड्यात माझी सकाळची पाळी आहे. तीन वाजता सुटते. आपल्या कार्यालयाने बोलावलं तर वाशीहून सव्वातीनची गाडी पकडून पाचच्या आत मंत्रालयात येऊ शकेन. वर्गाचं वेळापत्रक, विषयवार तासिका, लागणारे शिक्षक, सगळं वहीत लिहून ठेवलंय, ती वही सोबत आणीन.

आपली विश्वासू,
दिघा, नवी मुंबई येथील एक डायलिसिस तंत्रज्ञ