‘विचार करू’ म्हणजे काय?

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याचे मनाला फार लागले आहे. आईचा गुडघा आता बरा आहे, मीही ठीक. पण चाकणच्या आमच्या कारखान्यात जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला उमगणार नाही, म्हणून आज रात्रीच लिहायला बसले.

महिन्यापूर्वी ओसाकाहून तीन पाहुणे आले होते. साहेबांची तयारी मी आठवडाभर करून घेतली होती: मेइशी, म्हणजे त्यांचे व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही हातांनी घ्यायची, नीट वाचायची, खिशात न घालता बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायची, आणि पाहुण्यांना दारापासून लांबच्या खुर्च्या द्यायच्या. साहेबांनी हे सारे मनापासून पाळले. मग आम्ही नव्या सुट्या भागाचा दर आणि मुदत मांडली. त्यांच्यातील ज्येष्ठांनी मान किंचित कलती केली, दातांतून हवा आत ओढली, पेन वहीला समांतर ठेवले आणि ते म्हणाले, “मुझुकाशिइ देसु ने. केन्तो शिमासु.” दुभाषी म्हणून मी साहेबांना सांगितले, “अवघड आहे, आम्ही विचार करू.” शब्दाला शब्द बरोबर होता; साहेबांच्या मनात मात्र ‘विचार करू’ एवढेच राहिले. त्यात अधूनमधून येणारा ‘हाय’ त्यांनी होकार धरला, जो खरे तर ‘ऐकतो आहे’ एवढाच हुंकार होता. त्यांनी लगेच साच्याच्या पोलादाची ऑर्डर दिली. तिकडून अजून एका ओळीचेही उत्तर नाही.

एन-थ्रीच्या, त्या जपानीच्या परीक्षेच्या, अभ्यासाच्या वेळचे आपले भांडण आठवते का? दुभाष्याने शब्दच पोचवावेत, असे तू म्हणत होतीस. अर्थ पोचला नाही तर शब्द कशाला, असे मी. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी तू “चहाला येतेस का?” असे विचारलेस, मी ताठ मानेने “केन्तो शिमासु” म्हणाले, आणि तू हसत हसत जिन्यावरच बसलीस. म्हणजे त्या वयातही त्या शब्दांतला नकार आपल्याला कळत होता, नंदू! पाहुण्यांसमोर साहेबांना थांबवले असते तर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे झाले असते, हे मी मान्य करते. पण ते निघून गेल्यावर अख्खी संध्याकाळ माझ्या हातात होती.

मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात किंवा पत्रिका जुळत नसल्याचा निरोप धाडतात, तेव्हा मुलीच्या वडिलांना कोणी अर्थ फोडून सांगत नाही. साहेबांनाही हे त्याच भाषेत सांगितले असते, तर क्षणात पटले असते. शिवाय बैठकीपूर्वीच आमचे चुकले होते. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करावी लागते, असे नेमावाशीचे, म्हणजे बैठकीआधी एकेकाशी बोलून संमती मिळवण्याच्या रीतीचे, चित्र आपल्या जपानीच्या सरांनी फळ्यावर काढले होते. आम्ही मात्र त्यांच्या मधल्या फळीतल्या कोणालाही आकडे न दाखवता थेट वरिष्ठांपुढे दर ठेवला. भरल्या बैठकीत ते हो कसे म्हणणार?

उद्या सकाळी साहेबांना सगळे सांगणार आहे; पोलाद अजून कापलेले नाही, एवढा धीर आहे. त्यानंतर ओसाकावाल्यांच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला दरात अडचण आहे की मुदतीत, हे विचारणारी मेल लिहायची आहे. ती आडवळणाने लिहू की सरळ? नागोयात रोज अशीच माणसे तुझ्यासमोर असतात, तेव्हा मसुदा तूच तपासून दे.

तुझ्या नव्या घराचे कळले, फार आनंद झाला. छोटीला शाळा आवडते ना? मेतकूट पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझीच,
मीरा