चपलेचा अंगठा शिवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अमेरिकेतल्या केनोशाजवळच्या ब्रिस्टल रेनेसान्स फेअरमध्ये, म्हणजे जुन्या काळातलं इंग्लिश गाव उभं करणाऱ्या जत्रेत, चामड्याच्या पट्ट्या आणि बटवे विकणाऱ्या, हिरव्या झग्यातल्या त्या तुम्ही. पत्र मराठीत लिहितेय, कारण आधी ते आईला वाचून दाखवायचंय. इंग्रजीत करून तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्या लेकीने अंगावर घेतलंय.

आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. आयुष्यभर तिने शाळेत इतिहास शिकवला. जत्रेतलं ते गाव १५७४ सालचं, पहिली एलिझाबेथ राणी इंग्लंडातल्या ब्रिस्टलला आली तेव्हाचं, हे कळल्यावर ती गाडीतच म्हणाली, "म्हणजे महाराजांच्या जन्माच्या छप्पन्न वर्षं आधी." आठवडाभर या दिवसाची वाट बघत होती. आणि फाटकातून शंभर पावलं आत गेलो नाही, तोच तिच्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. वर जुलैचं ऊन, त्यात तिचे गुडघे दुखरे. "तुम्ही बघून या, मी बसते गाडीत," म्हणाली. मला रडूच यायला लागलं.

तुम्ही दुकानातून उठून आलात. आईला बाकावर बसवलंत, स्वतः जमिनीवर बसलात आणि चप्पल हातात घेतलीत. दुसऱ्याच्या पायातली चप्पल अशी कुणी हातात घेतली की आमच्याकडे फार अवघडल्यासारखं होतं. आईने तर पाय मागेच ओढला. तुम्ही चप्पल नाकाशी नेलीत आणि विचारलंत, हे झाडाच्या सालीने कमावलेलं ना? "बाभळीची साल आणि हिरडा," आई म्हणाली. मग तुम्ही ओकच्या सालीने कमावलेला एक तुकडा तिच्या हातात दिलात. तिनेही तो हुंगला. त्यानंतर दोघींना माझी फारशी गरज उरली नाही.

कोल्हापुरीत खिळा मारत नाहीत, चामड्याच्याच वादीने ती शिवतात, हे तुम्ही उलटसुलट बघूनच ओळखलंत. बारीक वादी कापलीत, पाण्यात भिजवून मऊ केलीत आणि आरीने जुन्याच भोकांतून ओवलीत. नवं भोक एकही पाडलं नाहीत! गिऱ्हाइकं ताटकळली होती, तरी तुमचा हात घाईत आला नाही. शिवता शिवता सांगितलंत की अशी पहिली जत्रा १९६३ साली लॉस एंजेलिसला भरली, आणि ती भरवणारी फिलिस पॅटरसन शिक्षिका होती. आईने ते नाव दोनदा म्हणवून घेतलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईने पर्समधली आलेपाकाची वडी दिली, ती मात्र लगेच तोंडात टाकलीत.

पुढचा सगळा दिवस आई आमच्या पुढे चालत होती. घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावून आले तेव्हा नातीचा हात धरून उभी राहून ओरडली. बाबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. ताई, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आई आता घरी परतलीय. कोल्हापूरला जाऊन तुमच्यासाठी एक जोड घ्यायचा, असं तिने ठरवलंय, पण माप नाही. लेक पत्र घेऊन येईल तेव्हा सोबत कोरा कागदही असेल. त्यावर दोन्ही पावलं ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारून द्या. उभ्यानेच मारा, बसून मारली की माप लहान येतं, असा आईचा खास निरोप आहे.

तुमची,
त्या आजींची लेक